म्हाताऱ्या यंत्राचं सोंग

मुंबईत एक यंत्र मेलं आणि अकोल्यात पंचफुलाच्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही.

यंत्र तिनं पाहिलेलं नव्हतं. तिच्या लेकीनंही पाहिलेलं नव्हतं. सत्यवती अमरावतीच्या कॉलेजातून गणित घेऊन बीएस्सी झाली आणि त्यानंतर वर्षभर त्या न पाहिलेल्या यंत्रासाठी हुकूम लिहीत बसली. नवरदेव कसा आहे ठाऊक नाही आणि पोरगी हळद लावून तयार, तशातली गत.

"खोलीभर यंत्र असते, माय. आत काचेचे दिवे, हजारानं. त्या दिव्यानं ते हिशेब करते."

"अन् लाइट गेली तं?"

"मंग सारं इसरते."

"म्हंजे तुह्या बापासारखंच हाये."

बाप, देवराव, जिनात फिटर होता. कापसाच्या हंगामात सरकी काढणारी यंत्रं त्याच्या हाताखाली अहोरात्र धडधडत. तो म्हणाला, "मी काही इसरत नाही. मी ध्यानात ठेवत नाही. फरक हाये."

हसणं तेवढंच. कारण गोष्ट हसण्याची नव्हती. मुंबईच्या त्या संस्थेत परदेशातून नवं यंत्र येणार होतं आणि त्यावर शिकायला मोजकी पोरं घ्यायची होती. अट एकच. जुन्या यंत्रावर आपला एक प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. सत्यवतीची पाळी मे महिन्यात होती. एप्रिलातच जुनं यंत्र बंद केलं. दिवे काढले, पत्रा भंगारात दिला. ज्यांचे प्रोग्रॅम चालले होते त्यांची निवड झाली. हिचा चालला नव्हता. फसलाही नव्हता म्हणा. पण निवडणाऱ्यांच्या लेखी दोन्ही सारखंच.

त्या संस्थेत केशवराव नावाचे एक साहेब होते. आठ वर्षं त्या यंत्रापाशी काढलेले. यंत्राला कोणकोणते हुकूम कळतात त्याची पुस्तिका त्यांनीच सत्यवतीला पाठवली होती; निवडीची यादीही त्यांच्याच हाती होती. ते भाचीच्या लग्नाला अकोल्याला येणार होते. परतीच्या दिवशी सकाळी तासभर भेटतो, असं त्यांनी कळवलं.

"तासभर बोलून काय होते?" देवराव म्हणाला.

"बोलाचं नाही, बाबा. चालवून दाखवाचं हाये."

"काय चालवतं? ते तं मेलं."

"आपण उठवू," सत्यवती म्हणाली.

*

हुकूम: घरातलं भांडं उचल.

हुकूम: मधल्या गुंडीत ओत.

हुकूम: भांडं जागेवर ठेव.

*

मे महिन्यात जिन बंद असतो. कापूस नाही, मजूर नाही, नुसता पत्र्याचा उंच शेड आणि फरशीच्या फटीफटीत अडकलेली सरकी. दिवाणजी भगवंतरावांनी किल्ली दिली. "पोरीचं काही शिक्षणाचं काम असन, करू दे," म्हणाले. त्यांची बायको गोदाबाई हे काय चाललंय ते पाहायला आली आणि पाहता पाहता तिथंच बसली.

सत्यवतीनं खडूनं फरशीवर चौकोन आखले, चौकोनांत नंबर घातले आणि प्रत्येक चौकोनात वस्तीतली एकेक बाई बसवली. प्रत्येकीपुढं एक भांडं. त्या चौकोनाला नाव 'घर'. भांड्यात जितकी सरकी, तितका त्या घरातला आकडा. घरानं काय करायचं? काही नाही. धरून बसायचं. भांडं मागितलं की द्यायचं, परत आलं की घ्यायचं. दुसरीच्या भांड्यात डोकवायचं नाही. आपल्या भांड्यात किती आहे ते बोलायचं नाही.

"हे तं सासुरवासापरिस कठीण हाये," कुणीतरी म्हणालं.

देवराव खांबापाशी उभा. त्याच्या हातात सुतळीला ओवलेल्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक हुकूम. त्यानं फक्त वाचायचं. बेबीताई, म्हणजे देवरावाची पुतणी, चपळ बाई, दवाखान्यात आया होती. तिनं फक्त भांडी न्यायची-आणायची. मध्यभागी पितळेची मोठी गुंडी. अख्ख्या यंत्रात मिळवणं आणि काढणं एवढं तिथंच व्हायचं. ती जागा गोदाबाईनं आपण होऊन घेतली, कारण गुंडी तिची होती.

पंचफुलाला शेवटच्या ओळीतलं नऊ नंबरचं घर मिळालं. उत्तर शेवटी तिथं यायचं.

सत्यवतीचा प्रोग्रॅम असा होता: तारीख द्या, वार सांगतो. वर्षाची सरकी एका घरात, लीप वर्षांसाठी वर्षाचा चौथा भाग एका घरात, महिन्याची एका घरात, तारखेची एका. सगळं गुंडीत जमवायचं आणि मग सात सात करून काढत राहायचं. त्यासाठी एक चिठ्ठी होती, ती सगळ्यांत भारी:

गुंडीत सातापेक्षा कमी उरलं असेल तर पुढं जा. नाही तर मागच्या चिठ्ठीवर परत.

देवराव ती वाचायचा, गोदाबाई गुंडीत पाहून मान हलवायची, आणि देवराव सुतळी मागं ओढायचा. पुन्हा. पुन्हा. पुन्हा. कोणत्या वाराला किती सरकी, याची यादी तिनं खडूनं खांबावर लिहिली होती, पण घरांना ती वाचून दाखवलेली नव्हती. "दिव्यांना कुठं ठाऊक असते?" सत्यवती म्हणायची.

पहिल्या दिवशी उत्तर चुकलं. दुसऱ्या दिवशीही चुकलं, आणि दर वेळी वेगळं चुकलं. सत्यवती हुकूम तपासत बसली. हुकूम बरोबर होते. चुकत होती ती सरकी, आणि का चुकते ते तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं. बेबीताई भांडं घेऊन आली की गोदाबाई गुंडी जरा मागं ओढायची. भांड्याचा काठ गुंडीला लागू नये म्हणून. मग बेबीताईला वरून ओतावं लागायचं. वरून ओतलं की एखादी सरकी काठावर आपटायची आणि टणकन फरशीवर.

बेबीताईनं तिसऱ्या दिवशी भांडं खाली ठेवलं. "गोदाबाई, दवाखान्यात तुमच्या सुनंचं बाळंतपण म्या केलं. तवा वरून नवतं टाकलं लेकरू."

पत्र्यावर चालणारा कावळा ऐकू आला. गोदाबाईचं तोंड लाल झालं. ती उठून जाईल असं पंचफुलाला वाटलं. पण पोरीच्या यंत्रात तीन दिवस बसल्यावर उत्तर काय येतं ते न पाहता उठून जाणं गोदाबाईलाही जमेना. तिनं गुंडी पुढं सरकवली.

"टेकव," ती म्हणाली. "टेकवून ओत."

काठ काठाला लागला. त्या दिवशी उत्तर बरोबर आलं.

सत्यवतीनं खांबावर लिहिलेल्या यादीवरून वार वाचला, "शुक्रवार," आणि तो शुक्रवारच होता. टाळ्या-बिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पंचफुला आपल्या चौकोनातून पुढं वाकली. तिनं गोदाबाईकडं पाहिलं.

"तुमी काढला काय वो हिशेब?"

"म्या? म्या नुसतं सात सात काढून राहिली होती. वारबिर मले काय ठाऊक!"

"बेबे, तू?"

"मी तं हमाल."

"सत्तीचे बाबा?"

"मी वाचलं फक्त."

"मंग कोनं काढला?"

सगळ्याजणी आपापल्या चौकोनात बसल्या होत्या आणि मधल्या रिकाम्या जागेकडं पाहत होत्या. कुणीतरी तिथून नुकतंच चालत गेल्यासारखं.

*

पाहुणा आला.

(इथं यंत्रानं थांबायचं असतं. हुकूम येईपर्यंत.)

केशवराव उंच, वाकलेले, चष्म्याच्या काचा जाड. टांगेवाल्याला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. दुपारची गाडी होती. शेडमध्ये आले आणि चौकोनांत बसलेल्या बाया पाहून थबकले.

"हे काय आहे?"

"तुमचं यंत्र आहे, सर," सत्यवती म्हणाली. "पुस्तिकेतलं. हुकूम सगळे तेच आहेत, त्याच क्रमानं. मी फक्त दिव्यांऐवजी माणसं बसवली."

केशवराव हसले नाहीत. खांबाला टेकून उभे राहिले. "परदेशात असं काहीतरी करू लागलेत, वाचलं मी. नव्या यंत्राला जुन्याचं सोंग घ्यायला शिकवतात. मग जुन्यासाठी लिहिलेले हुकूम नव्यावर जसेच्या तसे चालतात. जुनं यंत्र मरतं, पण नव्याच्या आत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "बरं. पण सोंग पुरतं वठायला हवं हं. पाऊण वठलं तर ते काहीच नव्हे. उत्तर बरोबर आलं तर तुमच्या नावापुढं 'चालला' असं मी लिहीन. चुकलं तर नाही लिहिणार. मला ते करता येणार नाही."

"नका लिहू," सत्यवती म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता.

केशवरावांनी बायांकडं पाहिलं. "तारीख तुम्हीच सांगा. ज्या दिवसाचा वार तुम्हाला पक्का ठाऊक आहे असा एखादा दिवस."

सांगायला कुणालाच विचार करावा लागला नाही. देवराव बोलला, पण बोलल्या जणू सगळ्याच. "चवदा आक्टोबर, छप्पन."

दसऱ्याचा दिवस. नागपूर. पंचफुला त्या दिवशी गाडीच्या दारात लटकून गेली होती. पांढरं लुगडं, काखेत धाकटं, आणि सत्यवती बापाचा हात धरून. इतकी माणसं एका जागी तिनं आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. वार कुणी विसरेल काय?

रविवार.

सत्यवतीनं सरकी मोजून घरांत घातली. देवरावानं पहिली चिठ्ठी धरली.

*

उचल. आण. टेकव. ओत. ठेव.

उचल. आण. टेकव. ओत. ठेव.

मग सात काढायचा फेरा सुरू झाला: बेबीताईनं रिकामं भांडं गुंडीला टेकवायचं, गोदाबाईनं सात सरक्या त्यात सारायच्या. बेबीताईच्या जोडव्यांचा फरशीवर टक. काठाचा काठाला टक. सरकीचा पितळेवर सर्र. मग देवरावाचा आवाज: सातापेक्षा कमी? गोदाबाईची मान. नाही. परत.

टक, टक, सर्र. थांबा. परत.

टक, टक, सर्र. थांबा. परत.

केशवरावांनी चष्मा काढला आणि डोळे मिटले. पंचफुलाला वाटलं, साहेबाला झोप लागली. पण त्यांचं बोट खांबावर चालू होतं, दोन ठोके, एक घासणं, एक थांबा.

"आमच्या यंत्राला भोंगा जोडलेला होता," ते कुणाला उद्देशून नाही असं बोलले. "हिशेब चालू असताना त्यातून आवाज यायचा. कोणता फेरा चाललाय ते आम्हाला बाहेर चहा पिताना कळायचं. वजाबाकीचा असाच वाजायचा. अगदी असाच." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "हे तेच आहे."

यंत्र काही ऐकत नव्हतं. ते फिरत होतं. सात काढत होतं. शेडमध्ये उन्हाच्या तिरिपी सरकत होत्या, बाया घामानं भिजल्या होत्या आणि भांडी येत-जात होती. पंचफुलाला मधेच आपण कोण ते आठवेना. नऊ नंबर. एवढंच. त्यात भीती नव्हती. मोठ्या मिरवणुकीत पाय आपोआप पडतात, तसं.

मग गोदाबाईची मान 'हो' अशी हलली. देवरावानं पुढची चिठ्ठी घेतली. बेबीताईनं पंचफुलाचं भांडं उचललं, गुंडीपाशी नेलं, गुंडी त्यात उपडी केली, आणि भांडं पंचफुलापुढं आणून ठेवलं.

भांडं रितं होतं.

पंचफुला त्यात पाहतच राहिली. गोदाबाईनं रितं भांडं पाठवलं? आजवर येणाऱ्या भांड्यात काही ना काही असायचं, एक असो, पाच असो. आणि आज, पाहुण्यासमोर, या तारखेला, रितं? शेजारणीकडून वाटी आली तर परत करताना चिमूटभर साखर तरी घालतात; काही नसलं तर मिठाचा खडा. रितं भांडं माघारी जात नाही. गरिबाच्या घरूनही जात नाही. गरिबाच्या घरून तर नाहीच.

देवरावानं शेवटची चिठ्ठी वाचली: नऊ नंबरचं भांडं पाहुण्यासमोर ठेव.

बेबीताई वाकली. तेवढ्या वेळात पंचफुलानं फरशीच्या फटीतून नखानं एक सरकी काढली आणि भांड्यात टाकली.

*

"सोमवार," केशवराव म्हणाले.

शेवटच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "खोटं हाये. रविवार होता."

"रविवारच होता," देवराव म्हणाला.

केशवरावांनी खांबावरची यादी पाहिली, भांडं पाहिलं, सत्यवतीकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "फार छान केलंत," ते म्हणाले. "खरंच फार छान," आणि घड्याळाकडं पाहिलं.

सत्यवती चिठ्ठ्यांची सुतळी हिसकावून घेऊन खाली बसली होती. एकेक चिठ्ठी बोटांखालून सरकवत होती, तोंडानं पुटपुटत होती. "बेरीज बरोबर हाये. चौथा भाग बरोबर हाये. सातानं पुरता भाग जाते. काही उराले नाही पायजे. एक उरला. एक कुठून आला? एक कुठून आला, बाबा?"

पंचफुलाला आकडे कळत नव्हते. पण 'एक' कळला.

"एक म्या टाकला," ती म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"काऊन?" सत्यवती ओरडली. "काऊन टाकला, माय?"

"रितं होतं ना! गोदाबाईनं रितं धाडलं. पाहुण्यापुढं रितं भांडं ठेवू मी?"

"म्या धाडलं?" गोदाबाई उसळली. "माह्या गुंडीतच काही उरलं नाही तं काय, बोटं तोडून टाकू? मले वाटत नवतं काय? माह्याही मनात आलं होतं, टाकावी एक. पण पोरीनं सांगतलं होतं, आपल्या मनानं काही कराचं नाही. म्हणून हात आवरला!"

"रितं म्हंजे रविवार, माय," सत्यवती म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "खांबावरची यादी पाय. एक म्हंजे सोमवार. काहीच नाही म्हंजे रविवार."

पंचफुलानं खांबाकडं पाहिलं. मग भांड्याकडं.

केशवराव दारापर्यंत गेले होते. ते परत फिरले. "शेवटी बाईंनी हात घातला, तोवर यंत्र बरोबर होतं?"

"हो, सर."

"मग पुन्हा चालवा. पहिल्यापासून. मला मधूनच धरलेलं चालणार नाही."

"तुमची गाडी..."

"चालवा."

सगळ्याजणी पुन्हा बसल्या. सरकी पुन्हा मोजली गेली. पंचफुला मात्र भांडं छातीशी धरून उभी होती.

"मले नाही जमत," ती म्हणाली. "दुसरी कोणतीबी तारीख घ्या. त्या दिवसाचं उत्तर रितं भांडं? आमी त्या दिवशी भरून आलो होतो, साहेब. रितं काय होतं आमचं त्या दिवशी?"

सत्यवती आईजवळ गेली, तिच्या हातातलं भांडं घेतलं नाही, नुसता हात त्यावर ठेवला.

"माय, यंत्राले दसरा ठाऊक नाही. नागपूर ठाऊक नाही. त्याले फक्त तुह्या हातातलं भांडं ठाऊक हाये. तासभर माय नको होऊ. नऊ नंबर हो."

"अन् ते लोकं?"

"ते कुठं जातात? बसले हाये ना सारे इथं."

पंचफुलानं शेडमध्ये नजर फिरवली. त्या दिवशी गाडीच्या दारात तिला धरून ठेवणारी बेबीताई. स्टेशनावर चिवडा वाटून खाल्लेल्या तीन-चार बाया. देवराव. आणि मधे गुंडी घेऊन गोदाबाई, जी तिथं नव्हती, आणि आता इथं होती.

ती खाली बसली.

*

उचल आण टेकव ओत ठेव

टक टक सर्र थांबा परत

टक टक सर्र थांबा परत

टक टक

*

या वेळी पंचफुलानं ते ऐकलं. आधी ती त्याच्या आत होती. आता ती आत होती आणि ऐकतही होती. आवाज एका माणसाचा नव्हता. दूर मुंबईत, एका खोलीत, काचेच्या हजार दिव्यांनी हेच म्हटलं असेल, आणि ते दिवे आता कुठंतरी भंगारात फुटून पडले असतील, आणि त्यांचं म्हणणं इथं अकोल्यात, कापसाच्या धुळीत, बायांच्या हातून चाललं होतं. त्याला हात बदलल्याचं ठाऊक नव्हतं. दिवे होते तरी चालत होतं. सरकी आहे तरी चालतंय. मग ते स्वतः कशाचं आहे? तिला हे शब्दांत सांगता आलं नसतं. तिचे हात थंड पडले होते, मे महिन्यात, अकोल्यात.

गोदाबाईची मान हलली. बेबीताईनं भांडं नेलं, गुंडी उपडी केली, भांडं आणलं.

रितं.

पंचफुलानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. फरशीच्या फटीत सरकी होती, तिच्या अंगठ्याशीच. तिनं तिकडं पाहिलं नाही. देवरावानं शेवटची चिठ्ठी वाचली. आवाज फाटला, पण वाचली. बेबीताईनं भांडं उचललं आणि पाहुण्यासमोर ठेवलं.

केशवराव उकिडवे बसले. भांड्यात वाकून पाहिलं, खूप वेळ पाहिलं, जणू तळाशी काही हलत होतं.

"रविवार," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून कागद काढला, त्यावर सत्यवतीचं नाव शोधलं आणि पुढं एक शब्द लिहिला. कागद तिला दाखवला. "जूनच्या पहिल्या आठवड्यात या. नवं यंत्र तोवर लागलेलं असेल. तुमचा प्रोग्रॅम जुन्यावर चालला असं मी सांगीन. ते खरंच आहे."

सत्यवतीनं मान हलवली. गोदाबाई पदरानं तोंड पुसत होती आणि कुणी पाहिलं तर घाम म्हणून सांगायला तयार होती.

बाहेर टांगेवाल्यानं घंटा वाजवली. बाया गुडघ्यांवर हात टेकून उठू लागल्या, कुणी पाय झटकले, कुणी लुगड्याला लागलेला खडू झाडला. चौकोन पुसट होऊ लागले.

"थांबा," केशवराव म्हणाले. आवाज एकदम मोठा आला, त्यांचा त्यांनाच. "उठू नका. तिकडं ते बंद केलं तेव्हा मी त्या खोलीत होतो. कळ मीच दाबली." त्यांनी खांबाला हात लावला. "अजून एक तारीख घेऊ. कोणतीही. कसलीही चालेल."

"तुमची गाडी जाईन ना, साहेब," देवराव म्हणाला.

"जाऊ द्या."

बाया एकमेकींकडं पाहून, कुरकुरत, हसत, परत आपापल्या चौकोनात बसल्या. देवरावानं सुतळी ओढून पहिली चिठ्ठी वर आणली. पंचफुलानं आपलं भांडं उलटं करून झटकलं, नऊ नंबरावर नीट सरळ ठेवलं, आणि ते रितंच राहू दिलं.